चिलखतावर चिलखत चढवलं तर?

प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाला भेटताना शिवाजी महाराजांच्या अंगरख्याखाली चिलखत होतं, डोक्यावर लोखंडी टोप होता. संरक्षणावर संरक्षण चढवलं की बळ वाढतं, असं या प्रसंगावरून कुणालाही वाटेल. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४ साली आलेल्या फाशांच्या खेळाची २००० सालची तिसरी आवृत्ती मात्र सांगते की, एकाच जातीचे दोन लाभ सहसा बेरजेत धरायचे नाहीत, मोठा तेवढा मोजायचा. साखळीचं चिलखत ५ गुण देतं, मंत्राचं कवच ४. दोन्ही चिलखताच्याच जातीचे, म्हणून हाती ५ च येतात. ढालीचे २ आणि मंत्रलेल्या अंगठीचा १ यांची जात वेगळी, म्हणून ते मिळतात. मूळचे १० धरून एकूण १८ होतात.

नियम कंजूष वाटतो, पण हिशोब करून पाहावा. शत्रू वीस बाजूंचा फासा टाकून त्यात आपले ५ मिळवतो. १८ गाठायला त्याला १३ किंवा जास्त पडावे लागतात, म्हणजे शंभरात चाळीस वार लागतात. मंत्रकवचाचे ४ मिळवू दिले तर वीसच लागतील. तशाच जादूच्या मनगटपट्ट्यांचे आणखी ४ धरले, तर फक्त २० पडले तरच वार लागेल, म्हणजे शंभरात पाच. मग अशा वीराला धक्का द्यायला खेळ चालवणाऱ्याला फार बलाढ्य राक्षस आणावा लागतो, आणि त्याच्या पहिल्याच तडाख्यात शेजारचा बिनचिलखती जादूगार आडवा होतो. एकाने रचलेल्या बेरजेची किंमत सगळी टोळी मोजते.

खरे योद्धे थरांवर थर चढवतच होते, हा आक्षेप बिनतोड वाटतो. पण टोप डोकं राखतो आणि चिलखत छाती, दोन्ही एकाच जागेवर दुहेरी काम करत नाहीत. शिवाय पूर्ण पोलादी चिलखताचे ८ गुण धरताना खेळाने शिरस्त्राण आणि आतलं जाड अस्तर त्यातच मोजलेलं असतं. ते पुन्हा मोजणं म्हणजे एकाच मालाची दोनदा पावती फाडणं. मग धाकटं कवच वायाच गेलं का? तसंही नाही. निपाणी-कोगनोळीच्या शिवारात पावसात पोत्याच्या खोळीवर दुसरी खोळ घेतल्याने माणूस दुप्पट कोरडा राहत नाही, पण पहिली फाटली की दुसरी कामाला येते. खेळातही निराकार भूत लोखंडातून आरपार हात घालतं. मंत्राचं कवच शुद्ध शक्तीचं असल्यामुळे तिथे तेच अडवतं आणि त्याचे ४ गुण मोजले जातात.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने या जातींचं जंजाळ बरंच कमी केलं. मंत्रकवच आता बिनचिलखती अंगावरच चालतं, आणि संरक्षणाचे अनेक हिशोब उपलब्ध असतील तर खेळाडूने एकच निवडायचा. शिकायला हे सोपं, पण भुताची ती गंमत त्यात हरवली. कारण जुन्या नियमाचा खरा उपयोग बेरीज रोखण्यापुरता नव्हता. किती चढवलं यापेक्षा कशाविरुद्ध चढवलं, हा विचार तो खेळाडूला करायला लावत होता.