सेकंदाला पाचशेची नोट

१९८३ साल. मायक्रोसॉफ्ट तेव्हा रेडमंडला आलेलीही नव्हती, शेजारच्या बेलव्ह्यूत होती. बिल गेट्सच्या आई मेरी गेट्स युनायटेड वे या संस्थेच्या कामात मुरलेल्या. कंपनीतही वर्गणी काढ, म्हणून त्या मुलाच्या मागे लागल्या. दोनशे जणांनी मिळून १७,००० डॉलर जमवले. डॉलर तेव्हा दहा रुपयांच्या आसपास. म्हणजे १ लाख ७० हजार. गल्लीतल्या गणपतीला शोभेल एवढी रक्कम!

आता जरा सावरून बसा. २०२१मध्ये हीच वर्गणी, कंपनीची भर धरून, २५ कोटी डॉलरवर गेली. चौऱ्याहत्तरच्या भावाने १,८५० कोटी रुपये! पाचशेच्या नोटा केल्या तर ३ कोटी ७० लाख. एक नोट पंधरा सेंटिमीटर. दादरहून एकीला एक लावत निघा. पुणं आलं? थांबू नका, उलटे फिरा. मुंबई-पुणे अंतर ३७ वेळा कापलं जाईल! वेळेत मोजा: दर सेकंदाला पाचशेची एक नोट, वर थोडी चिल्लर, रात्री-बेरात्री, रविवारी, ऐन दिवाळीतही. १९८३ची अख्खी मोहीम या वेगाने ३६ मिनिटांत उरकते. सीएसएमटीची फास्ट लोकल तेवढ्यात जेमतेम ठाण्याच्या आसपास पोचते.

या वर्गणीसाठी दर ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टमध्ये धावण्याच्या शर्यती होतात, लिलाव होतात. कर्मचारी देईल तेवढेच कंपनी घालते, माणशी वर्षाला १५,००० डॉलरपर्यंत. पैसे नाहीत? एखाद्या संस्थेसाठी तासभर राबा, कंपनी तिला २५ डॉलर देते. रोज एक तास चाळीस मिनिटं वर्षभर राबलात, तर अकरा लाख रुपये! तुमच्या खिशाला चाटही नाही.

पण मुळात खिशात हात जातो कशाने? स्मॉल, लोवेन्स्टाइन आणि स्लोविक यांनी २००७मध्ये एक प्रयोग छापला. लोकांच्या हातात एकेक डॉलरच्या पाच नोटा ठेवल्या आणि एक पत्रक. आफ्रिकेतल्या दुष्काळाचे लाखांतले आकडे वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. मालीतल्या सात वर्षांच्या रोकियाची गोष्ट वाचणाऱ्यांनी २.३८. दुपटीहून जास्त! मग रोकियाच्या गोष्टीखाली तेच आकडे जोडले. दान घसरून १.४३वर आलं. आमच्यासारख्या आकडेवेड्यांना केवढी ही चपराक!

तोच नियम त्या १,८५० कोटींना लावून बघा. प्रयोग छोटा, हिशेब आपला गमतीचा. तरी गोष्टीला चिकटवलेले चार आकडे ७४० कोटी गिळून टाकतील. नोटांच्या रांगेतलं जवळजवळ पंधरा वेळचं मुंबई-पुणे गायब!