निपाणी ते बेळगाव, काचेच्या तारेतून

नेटवर्क स्विचच्या खाचेत बसणारा, करंगळीएवढा धातूचा ठोकळा म्हणजे ट्रान्सीव्हर. आत एक लेसर आणि प्रकाश टिपणारा एक डायोड. विजेचे संकेत प्रकाशात, प्रकाशाचे पुन्हा विजेत. काम एवढंच, पण सेकंदाला अब्जावधी वेळा.

कोणता घ्यायचा, हे अंतर ठरवतं. डेटा सेंटरमधल्या पलीकडच्या रॅकसाठी ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा चालतो. त्याची कडी बहुधा काळी. निळ्या कडीचा १३१० वाला साधारण १० किलोमीटर गाठतो. निपाणी ते बेळगाव मात्र हमरस्त्याने सुमारे ७५ किलोमीटर. तिथे १५५० नॅनोमीटरचा, ८० किलोमीटर पल्ल्याचा ‘झेडआर’ लागतो. या तरंगलांबीवर काच किलोमीटरमागे ०.२ डेसिबलच्या आसपास प्रकाश गिळते. हिशेब करा: वाटेत १५ डेसिबल गेले. म्हणजे निपाणीत सोडलेल्या प्रकाशाचा जेमतेम बत्तिसावा हिस्सा बेळगावात उतरतो, तोही सगळे जोड चोख असतील तर. तेवढ्यावर भागतं! प्रवासाला अर्धा मिलिसेकंदही लागत नाही.

खरा वैरी धूळ. तारेचा प्रकाशवाही गाभा ९ मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. निपाणीसारख्या तंबाखूच्या वखारींच्या गावात हे वेगळं सांगायला नको: एक कण टोकावर बसला की लिंक डळमळते. म्हणून टोक आधी पुसायचं, मग खोचायचं; रिकाम्या तोंडाला रबरी टोपण हवंच.

आणि चालू तारेच्या टोकात डोकावू नका. हा प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.