ओली वाकळ

मैत्रिणींनो, हे लिहावं की नाही, यावर माझं बरेच दिवस अडलं होतं. लेकीला विचारलं. ती म्हणाली, "माझं नाव नको टाकू, बाकी लिही." म्हणून लिहितेय.

दिवाळीत आम्ही नांदेडहून माझ्या माहेरी, लातूरला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी पहाटे जाग आली, तर माझी अकरा वर्षांची लेक भिंतीकडं तोंड करून जागीच पडलेली. हात लावला, वाकळ ओलीचिंब. "आई, मामाला सांगू नको गं," एवढंच बोलली. तीन वर्षांची झाल्यापासून तिनं कधी अंथरूण ओलं केलं नव्हतं.

आजोबा गेल्यावर ती अगदी मिटून गेली होती. जेवण तुटलं, शाळेचं नाव काढलं की रडू. मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्याचं निदान केलं. समुपदेशनासोबत सर्ट्रालिनची गोळी सुरू झाली आणि हळूहळू गुणही येऊ लागला. दिवाळीआधी दहा-बारा दिवस गोळीचं प्रमाण वाढवलं होतं. पण माहेरी मी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. लोक काय म्हणतील!

आई म्हणाली, "भ्यालंय लेकरू. किल्लारीच्या भूकंपानंतर कितीक लेकरं अशीच भिजवायची." तिचं चूक नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट लातूरकर विसरलेले नाहीत आणि मानसिक धक्क्यानं मोठी मुलंही पुन्हा अंथरूण ओलं करू लागतात. मग काळ्या तिळाचे लाडू झाले, संध्याकाळनंतर पाणी बंद झालं, दृष्ट काढून झाली. वाकळ रोज गच्चीच्या मागच्या कठड्यावर.

चार दिवसांनी मला गोळीची शंका आली, आणि मी मोठी चूक केली. कुणाला न विचारता गोळी एकदम बंद केली. दोन-तीन दिवसांत तिला गरगरायला लागलं, झोप उडाली, चिडचिड वाढली. तशीच तिला घेऊन नांदेड गाठलं.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, बंद करायच्या आधी एक फोन करायचा होता," म्हणाले. लघवीतला संसर्ग, मधुमेह, बद्धकोष्ठता यांनीही असं होतं, म्हणून आधी लघवी आणि साखर तपासली. ते सगळं ठीक निघालं. मग त्यांनी समजावलं. मेंदूतल्या सिरोटोनिनवर काम करणाऱ्या अशा गोळ्यांनी काही थोड्या मुलांचं लघवीवरचं नियंत्रण सुटतं. सर्ट्रालिनच्या माहितीपत्रकातही मुलांच्या बाबतीत ही नोंद आहे. नवल म्हणजे इमिप्रामिन हे नैराश्यावरचंच जुनं औषध, अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांना डॉक्टर कधी कधी देतात! म्हणजे नैराश्याच्या साऱ्या गोळ्या सारख्या नसतात. एकीचं औषध दुसरीच्या लेकराला देऊ नये, ते यासाठीच.

गोळी पुन्हा कमी प्रमाणात सुरू झाली. काही आठवड्यांत वाकळ कोरडी राहू लागली. मनही सावरलं.

यातून शिकले ते सांगते. गोळी कधी सुरू झाली, कधी वाढवली आणि अंथरूण कोणत्या रात्री ओलं झालं, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. आमच्या डॉक्टरांना त्याच तारखांनी उलगडा झाला. लेकराला रागावू नका, ते मुद्दाम करत नाही. गोळी मनानं बंद करू नका. मात्र गोळी सुरू केल्यावर किंवा प्रमाण बदलल्यावर मूल फार अस्वस्थ झालं, मरणाच्या गोष्टी बोलू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ मध्येच मुलांबाबत हा इशारा दिलाय. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

परवा आईलाही गोळीचं सगळं सांगून टाकलं. ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "आधीच बोलायचं ना माय. लेकराला उगंच तहानलेलं ठेवलं मी."