कंपनी बंगळुरूची, तारीख परभणीची

परभणी जिल्ह्यातल्या सेलूत एखाद्या बाईंनी मोबाइलवर कुकर मागवला असं धरा. विकणारा दिल्लीचा, ॲपवाली कंपनी बंगळुरूची. कुकर निघाला सदोष, पैसे काही परत मिळेनात. दाद मागायची कुठं?

1986चा ग्राहक कायदा म्हणायचा, समोरचा पक्ष जिथं राहतो वा धंदा करतो तिथं, नाहीतर तक्रारीचं कारण घडलं तिथं. दुकान बाजारपेठेत होतं तोवर हे सरळ होतं. मोबाइलवरच्या सौद्यात मात्र कारण नेमकं घडलं कुठं, इथंच वाद.

20 जुलै 2020ला लागू झालेल्या नव्या कायद्याच्या 34व्या कलमाने हा गुंता एका वाक्यात सोडवला. तक्रारदार जिथं राहतो किंवा कमावतो, तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. या वाक्याचं नवल मला अजून ओसरत नाही! माणूस पालमचा असो की सोनपेठचा, बंगळुरूच्या कंपनीला उत्तर द्यावं लागतं परभणीच्या आयोगापुढे. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत 2 वर्षांची.

पण तसाच कुकर आणखी हजारो घरांत वापरात असेल तर? त्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. ऑगस्ट 2022मध्ये त्याने सक्तीच्या मानकांत न बसणाऱ्या कुकरांबद्दल ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टला प्रत्येकी 1 लाखाचा दंड केला. दंड लहानच, आदेशातला पुढचा भाग मला मोठा वाटतो. ॲमेझॉनवरचे 2,265 आणि फ्लिपकार्टवरचे 598 कुकर, प्रत्येक घेणाऱ्याला कळवा, माल परत घ्या, पैसे द्या.

आठवडी बाजारात वजनमाप निरीक्षक तराजू तपासतो. याच प्राधिकरणाच्या 30 नोव्हेंबर 2023च्या मार्गदर्शक सूचनांनी तशीच नजर मोबाइलच्या पडद्यावर रोखली. फसवणुकीच्या 13 रचना त्यांत नावानिशी सांगितल्या आहेत : ‘फक्त 2 शिल्लक’ अशी खोटी घाई, न विचारता बिलात चढवलेला विमा, पैसे भरताना अचानक उगवणारा आकार. म्हणजे बटण कुठं आणि कसं ठेवलं, हेही आता कायद्याने तपासायची गोष्ट झाली.

सेलूच्या बाईंनी आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावं. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. नाही केलं तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, आणि तक्रारीची पोच, ऑर्डर क्रमांक, खोक्यावरच्या लेबलाचा फोटो घेऊन परभणी आहेच.