नव्या टायरनंतर एका अंगास ओढणारी गाडी

वास्कोत नवे टायर चढविल्यावर वेर्ण्याच्या वाटेवर गाडी एका अंगास ओढू लागली, तर दोष अलाइनमेंटचाच असे गृहीत धरू नये. टायराच्या बांधणीतील सूक्ष्म विषमताही तेच करते, म्हणून हवेचा दाब समान करून, फिरण्याची दिशा ठरलेले टायर नसतील तर, पुढील दोहोंची अदलाबदल करावी, आणि ओढीची दिशा पालटली तर दोष टायरात, न पालटली तर अलाइनमेंटमध्ये वा ब्रेकमध्ये शोधावा. विक्रेता निर्मात्याकडे आणि निर्माता विक्रेत्याकडे बोट दाखवितो, त्यात ग्राहक भरडला जातो, हा सर्वथा अन्याय होय. पावती, वॉरंटीपत्र व अलाइनमेंटचा छापील तक्ता जपावा, तक्रार लेखीच द्यावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दोन वर्षांच्या मुदतीत मडगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते.