व्यायामशक्तीचे मापन : अनुमान आणि प्रत्यक्ष

दशविध परीक्षेत चरकाचार्यांनी व्यायामशक्तीचा अंतर्भाव केला असून ती कर्मशक्तीवरून जाणावी, असे सांगितले आहे. १९२३ साली ए. व्ही. हिल व सहकाऱ्यांनी कमाल प्राणवायू-ग्रहणाची संकल्पना मांडली. तेव्हापासून या शक्तीचे एक अंग अंकात मांडता येऊ लागले.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार आपल्याकडे येतो, तेव्हा पायरी-चाचणीनंतरच्या नाडीवरून हा अंक काढण्याचा मोह होतो. तथापि हे अनुमानच होय. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी औषधाने मंदावते व त्याची शक्ती वाढलेली भासते. किनाऱ्यावरील दमट उष्म्यात नाडी वाढून सशक्तही दुर्बळ ठरतो. अवजड कामाची योग्यता अशा अंकावर ठरल्यास पहिल्याच्या जिवास धोका, दुसऱ्याच्या रोजगारास.

प्रत्यक्ष मापनही सावधपणे करावे. तीव्र श्रमात उच्छ्वासातील प्राणवायू बाहेरच्या हवेहून सुमारे ४ टक्केच कमी असतो, विश्लेषक ०.१ टक्का चुकला तरी उत्तर अडीच-तीन टक्क्यांनी ढळते. पालघरसारख्या समुद्रसपाटीच्या ठिकाणी ३० अंश सेल्सिअसच्या बाष्पसंपृक्त १ लिटर हवेचे शून्य अंशावरील कोरडे आकारमान सुमारे ०.८६ लिटर भरते. ही दुरुस्ती राहिल्यास फल सुमारे १६ टक्के फुगते. म्हणून चाचणीपूर्वी ज्ञात प्रमाणाच्या वायूने व ३ लिटरच्या पिचकारीने यंत्र पडताळावे आणि तापमान, आर्द्रता, वायुदाब नोंदवावा. भार वाढूनही ग्रहण वाढेनासे झाले, तरच अंक 'कमाल' म्हणावा. अन्यथा विश्रांतीनंतर पुन्हा पडताळावे.

रुग्णपत्रिकेत 'मोजलेले' की 'अनुमानित' हे अंकाशेजारी अवश्य लिहावे, अशी वैद्यबंधुभगिनींना आमची विनंती आहे.