वासाचा साबण
(द्वितीय वर्ष कला शाखेतील एक विद्यार्थिनी)

गेल्या वर्षी जानेवारीत आपल्या महाविद्यालयात पालकमेळावा झाला. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे आईने यावे, माझी बसायची जागा पाहावी, ग्रंथालय पाहावे, असे मला फार वाटत होते. आई बाजारात मासळी विकायला बसते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "थंय मोठी मोठी माणसां येतली. माझ्या हातांक वास मारता. तुझोच अपमान होतलो." आणि ती आली नाही.

ती म्हणाली ते खोटे नव्हते. ती एस. टी. त बसली की शेजारची बाई नाकाला पदर लावते, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. त्या रात्री मी मनाशी ठरवले, की आईचे हात सुगंधी करायचे. दुकानातला साबण आणून झाला होता, त्याने काही होत नव्हते. तेव्हा आपणच चांगल्या वासाचा, नैसर्गिक साबण घरी करावा असे मनात आले. त्या खटाटोपात मला जे समजले ते वाचकांपुढे ठेवते. मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही. माझे रसायनशास्त्र दहावीलाच थांबले. ज्या शाळेत शिकले तिथल्या विज्ञानाच्या सरांनी पुढचे समजावून दिले.

प्रथम साबण म्हणजे काय ते पाहू. रिठा आणि शिकेकाई यांचा फेस होतो, पण ते साबण नव्हेत. त्यांच्यात निसर्गतःच फेस करणारे द्रव्य असते. साबण मात्र करावा लागतो. तेल किंवा चरबी आणि तीव्र क्षार यांचा संयोग झाला, की दोन नवे पदार्थ तयार होतात. एक साबण आणि दुसरा ग्लिसरीन. तेलही उरत नाही आणि क्षारही उरत नाही. पूर्वी हा क्षार लाकडाच्या राखेतून काढीत. फ्रान्समधील निकोलस लब्लांक याने १७९१ मध्ये मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचे पेटंट मिळवले आणि पुढे साबणाचे मोठाले कारखाने निघाले. आज कॉस्टिक सोडाही मिठाच्या पाण्यातून वीज सोडून करतात. आमच्या वेंगुर्ले तालुक्यात शिरोड्याला मिठागरे आहेत. १९३० साली तिथे मिठाचा सत्याग्रह झाला. त्या मिठाचे साबणाशी असे नाते असेल, हे मला ठाऊक नव्हते.

येथे एक सावधगिरीची सूचना. सोडा तीन प्रकारचा मिळतो. भज्यात घालतात तो खाण्याचा सोडा, कपड्यांना लावतात तो धुण्याचा सोडा आणि तिसरा कॉस्टिक सोडा. घरी अशा रीतीने साबण करायला तिसराच लागतो, आणि तो कातडी भाजणारा आहे. डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. म्हणून हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा आणि अंगभर कपडे हवेतच. काम पडवीत किंवा खळ्यात, उघड्या हवेवर करावे. लहान मुलांना आणि मांजराला दूर ठेवावे. अंगावर थेंब उडालाच तर लगेच भरपूर वाहत्या पाण्याखाली धरावे, आणि डोळ्यात गेला तर धूत धूत तडक डॉक्टर गाठावा.

माझा पहिला प्रयोग फसला तो भांड्यामुळे. घरातला जुना ॲल्युमिनिअमचा टोप घेतला आणि त्यात सोड्याचे पाणी केले. पाहता पाहता पाणी खदखदू लागले, वाफा आल्या, टोप काळा पडला आणि त्याला बारीक खड्डे पडले. सरांनी सांगितले, की कॉस्टिक सोडा ॲल्युमिनिअमला खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. तो पेट घेणारा आहे. जवळ चूल नव्हती हे नशीब. म्हणून भांडे स्टीलचे किंवा जाड प्लॅस्टिकचेच घ्यावे, आणि साबणाला घेतलेले भांडे पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये.

आता तेलाविषयी. आमच्याकडे खोबरेल मुबलक आणि ते साबणाला उत्तम. त्याचा साबण कडक होतो, भरपूर फेसाळतो. किनाऱ्यावरच्या विहिरींचे पाणी मचूळ असते. त्यात पुष्कळ साबणांचा फेसच होत नाही, नुसता साका धरतो. खोबरेलाचा साबण मात्र खाऱ्या पाण्यातही फेस देतो. पण नुसत्या खोबरेलाच्या साबणाने कातडी कोरडी पडते. म्हणून मी त्यात शेंगदाण्याचे तेल आणि थोडे कोकमतेल घातले. कोकमाच्या बियांपासून काढलेले हे तेल एरवीही घट्टच असते. हाताने मुटके वळतात म्हणून त्याला मुठेलही म्हणतात. पायांच्या भेगांना आमच्याकडे तेच लावतात.

प्रत्येक तेलाला लागणारा सोडा निराळा असतो, ही या कामातली खरी मेख आहे. शंभर ग्रॅम खोबरेलाला सुमारे १८.३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. शेंगदाण्याच्या तेलाला सुमारे १३.६ आणि कोकमतेलाला सुमारे १३.५ ग्रॅम लागतो. मी खोबरेल ३५० ग्रॅम, शेंगदाण्याचे तेल १०० ग्रॅम आणि कोकमतेल ५० ग्रॅम घेतले. हिशेब केला तर सोडा ८४.४ ग्रॅम येतो. पण तेवढा घालू नये. पाच-सहा टक्के कमी घालावा, म्हणजे थोडे तेल शिल्लक राहते आणि सोडा मात्र पूर्ण संपतो. मी ७९ ग्रॅम घातला. येथे वाटी-चमच्याचे माप कामाचे नाही. ग्रॅम दाखवणारा वजनकाटाच हवा. तेलही वजनानेच मोजावे.

कृती अशी. १८० ग्रॅम थंड पाणी स्टीलच्या भांड्यात घ्यावे. त्यात सोडा थोडा थोडा घालून ढवळावा. नेहमी पाण्यात सोडा घालावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. तसे केल्यास पाणी एकदम उकळून अंगावर उडते. पाणी आपोआप कढत होते, ते निवू द्यावे. वाफ नाकात घेऊ नये. दुसऱ्या भांड्यात कोकमतेल वितळवून बाकीची तेले त्यात मिसळावीत. दोन्ही भांडी बाहेरून हात लावून नुसती कोमट लागली, की सोड्याचे पाणी बारीक धारेने तेलात ओतावे आणि ढवळत राहावे. मी लाकडी रवीने घुसळले. पाऊण तास लागला. मिश्रण हळूहळू कढीसारखे, मग पिठल्यासारखे दाट होते. पळीतून धार सोडली आणि तिची रेघ वर उमटून राहिली, की झाले असे समजावे. मग सुगंध घालून, आतून प्लॅस्टिकचा कागद लावलेल्या लाकडी खोक्यात ओतावे. दुसऱ्या दिवशी मोजे घालूनच वड्या पाडाव्यात. उशीर केला तर हा साबण इतका कडक होतो, की सुरीखाली फुटतो.

यानंतर चार ते सहा आठवडे वड्या हवेशीर जागी सुपात मांडून ठेवाव्यात. या काळात आतले पाणी उडते आणि साबण सौम्य व कडक होतो. इतके करूनही वडीत ओल्या सोड्याचे खळगे दिसले, तर ती वापरू नये. आणखी एक अनुभव. आमच्या कोकणात हे काम पावसाळ्यात करू नये. घरच्या साबणात ग्लिसरीन तसेच राहते. ते त्वचेला चांगले, पण हवेतली ओल ओढून घेते. जूनमध्ये माझ्या वड्यांना घाम आल्यासारखे थेंब फुटले होते.

आता सुगंध. खरी हौस इथे होती आणि खरी निराशाही इथेच झाली. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे सुरंगी फुलते. तिचा वळेसर बाजारात आला की अख्खी गल्ली दरवळते. मी सुरंगीची फुले आठ दिवस खोबरेलात मुरवली. तेलाला छान वास आला. पण सोड्याचे पाणी पडताच तो वास जो गेला तो गेलाच. नाजूक फुलांचे सुगंध या तीव्र क्षारापुढे टिकत नाहीत. मुळांचे आणि गवतांचे वास त्या मानाने टिकतात. वाळा, नागरमोथा आणि गवती चहा ही त्यांतली नावे. मात्र वाळ्याची मुळे तेलात घालून काम भागत नाही. त्यांचे काढलेले अर्कतेल लागते, आणि ते महाग असते. मी पुढच्या खेपेला गवती चह्याचे तेल १२ ग्रॅम आणि नागरमोथ्याची वस्त्रगाळ पूड दोन चमचे घातली. वास राहिला. मैत्रिणीने लवंगेचे तेल घालून पाहिले, तर मिश्रण रवीभोवती एकदम आळले आणि खोक्यात ओतताच येईना. शिवाय ते तेल कातडीला झोंबते.

रंगासाठी हळद घातली, तर मिश्रण लालसर झाले. मी घाबरले. आई मात्र हसली. पांढऱ्या कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे तिला ठाऊक होते. हळद क्षारात लाल होते. चुन्याची निवळी घालून हळदीचे कुंकू करतात ते याच गुणावर.

सहा आठवड्यांनी पहिली वडी आईच्या हातात दिली. ती बाजारातून आली होती. तिने हात धुतले, हुंगले आणि म्हणाली, "वास बरो आसा गो, पण म्हावऱ्याचो वास काय जावक नाय." खरोखरच गवती चह्याच्या आडून मासळीचा वास येत होता, उलट जरा जास्तच. माझे डोळे भरून आले. आई तशीच उठली, कालवणातली उरलेली सोले घेतली आणि हातांवर चोळली. "आदी सोलां चोळूक व्हयी," ती म्हणाली.

हे मी सरांना सांगितले, तेव्हा त्यांनी कारण उलगडले. समुद्राची मासळी शिळी होऊ लागली की तिच्यात ट्रायमिथिल अमाइन नावाचे द्रव्य तयार होते. मासळीचा तो वास मुख्यतः त्याचाच. हे द्रव्य स्वतः क्षारधर्मी आहे. साबणही क्षारधर्मी. त्यामुळे साबणाने ते बांधले जात नाही, मोकळेच होते आणि हवेत उडून नाकाशी येते. आंबट पदार्थाशी मात्र त्याचा संयोग होऊन क्षार बनतो. तो उडत नाही, म्हणून वासही येत नाही, आणि पाण्याने धुऊन जातो. मासळीच्या कालवणात कोकम, चिंच घालतात आणि तळलेल्या तुकडीवर लिंबू पिळतात, त्यामागे चवीबरोबर हेही आहे. म्हणजे योग्य क्रम असा : आधी सोले किंवा लिंबू चोळून पाण्याने हात धुणे, आणि मग तेलकटपणा काढण्यासाठी साबण. अर्धी कृती मी पुस्तकातून आणि सरांकडून मिळवली. उरलेली अर्धी आमच्याच चुलीपाशी होती आणि मी ती कधी विचारली नव्हती.

यंदाच्या पालकमेळाव्याला आई आली. सकाळी बाजारात बसली, दुपारी सोले चोळून, साबणाने हात धुऊन, ठेवणीतले लुगडे नेसून आली. हातांना वास नव्हता, मी बसमध्ये मुद्दाम हुंगून पाहिले. तरी सभागृहात ती सगळा वेळ दोन्ही हात पदराखाली धरून बसली होती. मग ग्रंथालय दाखवायला नेले. तिथे तिने एक हात बाहेर काढून कपाटातल्या पुस्तकांच्या पाठींवरून फिरवला.

दुसरी वडी तिने वापरलीच नाही. ट्रंकेत लुगड्यांच्या घडीत ठेवून दिली आहे. आणि परतताना बसमध्ये मला म्हणाली, "फुडल्या खेपेक गवती चाय कमी घाल गो. डोक्यात चडता."